नोकरी, घर आणि २०० किलोमीटर: पहिल्या बीआरएमची बारा आठवड्यांची तयारी

बीआरएम म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत सायकलने पुरं करायची राइड. २०० किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. म्हणजे सरासरी वेग ताशी १५ किलोमीटरपेक्षाही किंचित कमी चालतो. रस्त्यावर ताशी २० चा वेग धरला तर दहा तास सायकल चालवायची आणि साडेतीन तास खाण्यापिण्याला, पंक्चरला, कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) कार्डावर शिक्का घ्यायला उरतात. बऱ्यापैकी तब्येतीच्या नोकरदार माणसाला हे जमण्यासारखं आहे. तरी दर हंगामात पुण्यातले कितीतरी नवे सायकलस्वार अर्ध्या वाटेवरून परततात, किंवा दिवाळीच्या सुमारास सरावच सोडून देतात. पाय कमी पडतात असं बहुतेक वेळा नसतं. घोळ वेळापत्रकात असतो: पाच दिवस काही नाही, रविवारी एकदम ९० किलोमीटर, सोमवारी ऑफिसात जांभया, घरी धुसफूस, आणि महिन्याभरात गुडघा धरून बसायची पाळी.

पुढचा आराखडा आठवड्याला साधारण पाच-सहा तास देऊ शकणाऱ्यांसाठी आहे. दोन-तीन आठवडे मात्र आठ-नऊ तास लागतील. आज ३० किलोमीटर फारसे न दमता जमत असतील, तर इथून सुरुवात करा. जमत नसतील तर आधी महिनाभर तेवढंच करा.

सुरू करण्याआधी: वय चाळिशीपुढे असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा काही इतिहास असेल, तर डॉक्टरांना दाखवून या. सायकल चालवताना छातीत दुखलं, दडपण आलं किंवा चक्कर आली तर लगेच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

## १. आधी कॅलेंडर, मग किलोमीटर

बहुतेक जण इंटरनेटवरून तयार वेळापत्रक उतरवून घेतात आणि मग त्यात आपलं आयुष्य बसवायला बघतात. क्रम उलटा हवा.

बीआरएमची तारीख ठरली की तिथून मागे बारा आठवडे मोजा. डिसेंबरच्या मध्यावरची राइड असेल तर सराव सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि नवरात्र, दसरा, दिवाळी सगळं त्यात येतं. आता घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर (मोबाइलमधल्या नको, सगळ्यांना दिसणाऱ्या) पुढच्या गोष्टींवर खुणा करा:

- सण, लग्नं, गावाला जाणं, पाहुणे
- मुलांच्या परीक्षा
- ऑफिसातली महिनाअखेर, ऑडिट, प्रोजेक्टची डेडलाइन, टूर
- शिफ्ट बदलणार असेल तो आठवडा

बारा आठवड्यांत तीन हलके आठवडे लागतातच: चौथा, आठवा आणि अकरावा. पहिले दोन एखादा आठवडा मागेपुढे सरकले तरी बिघडत नाही. त्यातला एक दिवाळीवर टाका, दुसरा ऑफिसातल्या सर्वांत वाईट आठवड्यावर. शरीराला विश्रांती हवीच आहे, ती घरच्यांना तुम्ही हवे असाल तेव्हाच घेतली की दोन्ही कामं होतात.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतल्यांनी विशेषतः, रात्रपाळीचा आठवडा सरळ हलका धरावा. रात्रपाळी संपवून तसंच सायकलवर बसू नका. झोपेने जड झालेला मेंदू हायवेवर चालत नाही. आधी झोप, मग दुपारनंतर जमलं तर तासभर.

तपासा: बारापैकी निदान आठ रविवार मोकळे दिसतायत का? नसतील तर पुढची बीआरएम पकडा. हंगामात २०० च्या अनेक राइड असतात.

## २. घरी बोलणं: मोघम नको, वेळ सांगा

"रविवारी सकाळी जरा सायकलवर जातो" हे वाक्य भांडणाचं मूळ आहे. घरच्यांच्या हिशेबात सकाळ म्हणजे नऊपर्यंत, तुमच्या हिशेबात दुपारी एक.

बाराही रविवारांची परत येण्याची वेळ आधीच कॅलेंडरवर लिहा. पहिले सहा आठवडे तुम्ही साडेदहाच्या आत घरी असाल. लांबचे रविवार म्हणजे बीआरएम धरून चारच आहेत, ते वेगळ्या रंगाने दाखवा. आणि आल्यावर त्या दिवसाचं काय काम तुमचं, तेही ठरवा. आठवड्याची भाजी, मुलांना मैदानावर नेणं, जे असेल ते. आल्या आल्या आडवं होऊन दुपारभर घोरत पडणारा सायकलस्वार घराला परवडत नाही. तसं होत असेल तर तुम्ही झेपेल त्यापेक्षा जोरात चालवताय किंवा वाटेत कमी खाताय.

घरातली सकाळ जिच्या खांद्यावर आहे तिला "पहाटे लवकर ऊठ" हा सल्ला काही कामाचा नाही. सहाला पाणी येतं, सातला डबे भरायचे असतात, साडेसातला स्कूलबस. अशा घरात मंगळवार आणि गुरुवारचे डबे दुसऱ्या कोणीतरी करायचे, हे पहिल्या आठवड्याच्या आधी ठरलं पाहिजे. "बघू, करू काहीतरी" यावर सराव उभा राहत नाही. ते दोन दिवस स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नावासकट लिहा.

## ३. सायकल आणि आदली रात्र

पहाटेचा वेळ सर्वांत जास्त वाया जातो तो शोधाशोधीत. पंप कुठाय, मोजे कुठायत, दिवा चार्ज नाही. पन्नास मिनिटांच्या राइडमधली वीस मिनिटं तिथेच संपतात.

एकदाच करायचं काम म्हणजे सॅडलची उंची. सॅडलवर बसून टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा पावलाचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघ्याला हलका बाक राहतो. सॅडल फार खाली ठेवल्यामुळे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणारे खूप जण असतात. बदल एकदम करू नका, थोडा थोडा करून दोन-तीन राइडमध्ये बघा.

रोज आदल्या रात्री, झोपण्याआधी: टायर अंगठ्याने नाही, पंपाच्या काट्यावर तपासा. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच हवा. चेनला हात लावून बघा, करकरत असेल तर पुसून तेलाचे थेंब द्या आणि जादाचं तेल पुसून काढा. बाटली भरा, दिवे चार्जिंगला लावा, कपडे खुर्चीवर ठेवा.

सूचना: डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. पहाटेची राइड जवळपास पूर्ण अंधारातच होते. पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि अंगावर चमकणारं जॅकेट याशिवाय गेटबाहेर पडू नका. बीआरएमलाही हे लागतंच आणि हेल्मेटशिवाय सोडत नाहीत, तेव्हा पहिल्या दिवसापासून सवय असलेली बरी.

## ४. आठवड्यातल्या दोन राइड

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मंगळवार, ५० मिनिटं, सावकाश. सावकाश म्हणजे सोबत्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकं. धाप लागून वाक्य तुटलं तर वेग कमी करा. हलका गिअर ठेवा, पॅडल मिनिटाला ८० ते ९० फिरले पाहिजेत. जड गिअरमध्ये दाबून चालवलं की ताकद वाढते हा समज गुडघे खाणारा आहे.

गुरुवार, एक तास, जोराची. पंधरा मिनिटं हलकं, मग आठ मिनिटं असा जोर की एका दमात दोन-तीन शब्दच बोलता येतील, मग चार मिनिटं अगदी हलकं. असं तीनदा करून शेवटी दहा मिनिटं रमतगमत. पहिले दोन आठवडे आठऐवजी पाच मिनिटं करा. कात्रजचा जुना घाट किंवा बोपदेव घाट जवळ असेल तर चढावर उत्तम. नसेल तर वाहतूक नसलेला सरळ रस्ता किंवा घरातला ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड). सिग्नल असलेल्या रस्त्यावर हा प्रकार अजिबात नको, आठ मिनिटं पुरी करायच्या नादात लाल दिवा तोडायचा मोह होतो.

नेहमीची चूक अशी की दोन्ही दिवस मधल्याच जोरात जातात. मंगळवारी उगाच कोणाला तरी ओव्हरटेक करायचं, त्यामुळे गुरुवारी पाय जड, मग जोर लागत नाही. अशा मधल्या वेगाने दमायला होतं भरपूर आणि पदरात पडतं थोडं. ॲपवर सरासरी वेग कमी दिसेल म्हणून मंगळवारी जोर लावणार असाल, तर त्या दिवशी ॲप बंद ठेवा.

ऑफिसला सायकलने जाणं शक्य असेल तर मंगळवारची राइड त्यात भागते. दोन्ही वेळचे दहा-बारा किलोमीटर धरले की तास सहज होतो. कपडे, टॉवेल, चपला आदल्या दिवशीच ऑफिसात नेऊन ठेवा. शेवटची दहा मिनिटं अगदी सावकाश चालवा म्हणजे घाम तिथेच निवतो. गुरुवारची राइड मात्र ऑफिसच्या वाटेवर होणार नाही, तिला वेगळा वेळ लागतोच.

पहाट शक्यच नसेल तर रात्री साडेआठ-नऊला घरात ट्रेनरवर बसा. नंतर लगेच झोप लागत नाही हे लक्षात घेऊन गुरुवारचा जोर निदान दीड-दोन तास आधी संपवा.

झोपेचा नियम: पाचला उठायचं तर साडेदहाच्या आत दिवा बंद. सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर जोराची राइड रद्द करून सावकाश करा. पाच तासांपेक्षा कमी झाली असेल तर झोपूनच राहा. झोप कापून केलेला सराव अंगी लागत नाही, त्यातून फक्त सर्दी आणि चिडचिड मिळते.

पहाटेच्या कुत्र्यांबद्दल दोन शब्द. जोरात पळालात तर ती आणखी मागे लागतात. वेग कमी करा, गरज पडली तर उतरून सायकल मध्ये धरा आणि चालत पुढे जा. शंभर पावलांत त्यांचा इलाका संपतो.

## ५. रविवारची लांब राइड

बारा रविवार असे:

१. ४० किमी
२. ५० किमी
३. ६० किमी
४. ३५ किमी (हलका आठवडा)
५. ७० किमी
६. ८५ किमी
७. १०० किमी
८. ५० किमी (हलका)
९. ११० किमी
१०. १३० किमी
११. ६० किमी (हलका)
१२. बीआरएम

२०० च्या आधी २०० करून बघायची गरज नाही. १३० नीट झाले, म्हणजे उतरल्यावर दोन तासांत जेवून माणसांशी धड बोलता आलं, तर २०० होतात.

जोर मंगळवारचाच ठेवा, गप्पांचा. ग्रुपबरोबर जात असाल तर आधी विचारून घ्या की आज काय वेगाने चाललेत. पुढच्यांच्या मागे पहिले ४० किलोमीटर ओढले गेलात तर उरलेल्या साठांत सगळं वसूल होतं. साडेपाचला निघून ताशी २० ने, वाटेत पाऊण तास थांबून १०० किलोमीटर केले तर सव्वाअकराला घरी. कॅलेंडरवर साडेअकरा लिहा. साडेदहाचा शब्द ८५ च्या रविवारीही पाळायचा, त्यासाठी वाटेतला चहा एकदाच.

रस्ते: ४० ते ६० साठी खडकवासला-पानशेतची बाजू, दूर जायचं तेवढं जाऊन वळायचं. लोणावळ्याला जुन्या महामार्गाने जाऊन-येऊन सव्वाशे-एकशेतीस होतात, दहाव्या रविवारला ते चपखल बसतं. एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे, तिकडे चुकूनही वळू नका. सातारा रस्त्याचा सराव करायचा असेल तर पहाटे लवकर निघा आणि बोगदा, पूल, सर्व्हिस रोडची तोंडं इथे मान वळवून मागे बघायची सवय लावा.

पंक्चर स्वतः काढता येणं सक्तीचं. बीआरएममध्ये कंट्रोलांच्या मधे तुमची गाडी मदतीला येऊ शकत नाही. सोबत दोन ट्यूब, टायर लिव्हर, हातपंप, पॅच. मागचं चाक काढून, ट्यूब बदलून परत बसवणं घरी हॉलमध्ये दोनदा करून बघा. आणि हे विसरू नका: नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच पूर्ण फिरवा. हायवेवर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या पोलादी तारा पडलेल्या असतात. बाहेरून काही दिसत नाही, आतून बोटाला सुईसारखं टोचतं. ती तार नखाने किंवा छोट्या चिमट्याने ओढून काढली नाही तर नवी ट्यूब पाच मिनिटांत पंक्चर होते, आणि मग दुसरीही.

तपासा: सातव्या रविवारनंतर तळहात बधिर होतात? मान आखडते? बुडाला जखम होते? आत्ताच सायकलच्या दुकानात जाऊन हँडल-सॅडल नीट करून घ्या, चांगली पॅडेड शॉर्ट्स आतल्या कपड्यांशिवाय घाला. १०० ला जे थोडं दुखतं ते २०० ला राइड सोडायला लावतं.

## ६. खाणं

दीड तासापेक्षा लांब राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. पहिलं खाणं पाऊण तासाने, भूक नसली तरी, मग दर अर्ध्या तासाने थोडं थोडं. केळी, खजूर, चिक्की, राजगिऱ्याची वडी, गूळपोळीचे तुकडे हे सगळं खिशात मावतं. वाटेतली मिसळ आणि वडापाव परतीनंतरसाठी ठेवा. तेलकट जड खाऊन घाट चढताना पोट तुम्हाला माफ करत नाही.

पाणी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात जास्त. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतू नका आणि अंदाजाने चिमूटभरही टाकू नका, त्या मिठा-साखरेचं प्रमाण मोजून ठरवलेलं आहे. ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

जे बीआरएमला खाणार तेच सातव्या, नवव्या आणि दहाव्या रविवारी खाऊन बघा. त्या दिवशी नवं काही नाही.

## ७. आठवडा कोलमडला तर

कोलमडणारच. तेव्हा काय करायचं ते आधी ठरलेलं असू द्या.

- तीनपैकी एकच राइड जमणार असेल तर रविवारची लांब राइड करा. दोन जमणार असतील तर तिच्यासोबत गुरुवारची. सर्वांत आधी सोडायची ती मंगळवारची.
- सुटलेली राइड भरून काढायची नाही. गुरुवारची शुक्रवारी, शुक्रवारची शनिवारी असं ढकलत गेलं की रविवारी पाय मेलेले असतात. गेली ती गेली.
- अख्खा आठवडा गेला तर आधीचाच आठवडा पुन्हा करा. दोन गेले तर रविवारच्या यादीत दोन पायऱ्या मागे जा.
- ताप असेल, अंग दुखत असेल, छातीत कफ असेल तर सायकल बंद. ताप उतरल्यावर दोन दिवस थांबून, मगच सावकाश राइडने सुरुवात.
- दहाव्या आठवड्यापर्यंत एकदाही १०० झाले नसतील तर या वेळची राइड सोडा. नोंदणीचे पैसे गेले म्हणून गुडघा घालवू नये.

धोक्याची खूण: सलग काही दिवस सकाळी उठवत नाही, जिन्याने पाय भरून येतात, घरात-ऑफिसात बारीकसारीक गोष्टींवर आवाज चढतो. अशा वेळी पूर्ण आठवडा हलका करा. ही खूण बहुधा तुमच्याआधी घरच्यांना दिसते, त्यांनी सांगितलं तर वाद घालू नका.

## ८. शेवटचे दहा दिवस

सराव आता वाढवायचा नाही. अकराव्या रविवारचे ६० सावकाश करा, नंतरच्या मंगळवारी अर्धा तास, गुरुवारी अर्ध्या तासात दोन-तीन छोटे जोर, बस. "राहिलेलं भरून काढू" म्हणून आदल्या आठवड्यात ११० करणारे लोक थकलेले पाय घेऊन स्टार्टला उभे राहतात.

सायकल दुकानात टाकायची असेल तर राइडच्या दहा दिवस आधी. परवा बीआरएम आणि आज नवी ब्रेक केबल, असं नको. नवा बूट, नवं सॅडल, नवे टायर यांची वेळ सहाव्या आठवड्याच्या आधीच गेली.

ऑफिसात सोमवारची सकाळ मोकळी ठेवा, शक्य असेल तर रजाच टाका. शनिवारी घरातली ठरलेली कामं संध्याकाळपर्यंत उरका, साडेआठच्या आत नेहमीचं जेवण करा. त्या रात्री झोप नीट लागत नाही, त्याची काळजी नको. शुक्रवारची झोप मात्र पूर्ण घ्या.

## ९. राइडचा दिवस

पहिले ५० किलोमीटर मुद्दाम मागे राहा. सगळे सुसाट सुटतात, सुटू द्या. कंट्रोलवर क्रम ठरवून ठेवा: आधी कार्डावर शिक्का आणि वेळ, मग पाणी भरणं, मग खाणं. शिक्का विसरून वीस किलोमीटर पुढे गेलेल्यांना परत यावं लागतं. प्रत्येक कंट्रोलवर पंधरा मिनिटांच्या वर बसू नका, साडेतीन तास गप्पांमध्ये कधी विरघळतात कळत नाही.

घरी दोनदाच कळवा, अर्ध्यावर आणि शेवटी, पण तेवढं नक्की कळवा. अंधार पडला, समोरच्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपायला लागले, पापण्या जड झाल्या, तर पेट्रोलपंपावर किंवा ढाब्यावर थांबून पंधरा मिनिटं डोळे मिटा. वेळेत पोचणं त्यापुढे दुय्यम आहे. राइड सोडावीच लागली तर आयोजकांना फोन करून सांगा, न सांगता घरी जाऊ नका. तुमचा शोध घेत कोणीतरी रात्री रस्त्यावर फिरत राहतं.

पुढचा आठवडाभर सायकलला हात लावायचा तो फक्त धुवायला आणि चेन पुसायला. ३०० ची नोंदणी करायची असेल (तिला २० तास मिळतात आणि शेवट बहुतेकांचा रात्रीत होतो), तर निदान चार आठवडे मध्ये सोडा आणि त्याआधी पुन्हा भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर घरच्यांबरोबर उभे राहा.